भांड्यांच्या फळीवरचं फाटक

माझ्या सासूबाई वच्छलाबाई कशाचेही आभार मानतात. नळाला पाणी आलं की नळाचे, भाकरी फुगली की तव्याचे. एकदा डिंकाची बाटली संपली, तर तिलाही "लई साथ दिली माय" म्हणून मगच टाकली. मी पडले कुंभार पिंपळगावची, तापट. लग्न होऊन परतूरला आले तेव्हा मला वाटायचं, ही बाई एक तर संत आहे, नाही तर माझी थट्टा करतेय. संत नाही हे पुढे कळलं. क्वार्टरच्या दारावरून त्यांनी नवऱ्याला जन्मभर जे टोमणे मारले, ते संताच्या तोंडी शोभणारे नव्हते.

माझे सासरे इंद्रभान रेल्वेत गेटमन होते. त्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामांच्या वडिलांनी आयुष्यभर मेंढरं वळली. पगाराची नोकरी मिळवणारे घरात मामाच पहिले. परतूरच्या अलीकडे एका शेतवाटेवर त्यांचं फाटक होतं आणि फाटकाला लागून एका खोलीचं क्वार्टर. क्वार्टरचं दार रुळांकडे, म्हणजे थेट दक्षिणेला. दक्षिणेचं दार यमाचं, असं आत्यांचं ठाम मत. पण रेल्वेला कोण सांगणार? त्याच दाराच्या घरात त्यांनी संसार केला, माझ्या नवऱ्याला, रामेश्वरला, वाढवलं, आणि उरल्या वेळात आसपासच्या गावांतल्या पोरींची रुखवतं सजवली. ज्वारीच्या धांड्याच्या भेंडाची बैलगाडी, थर्माकोलची विहीर, कापसाची मेंढरं. लग्नात मुलीकडच्यांनी मांडायचं ते सगळं बाहुल्यांच्या मापाचं गाव आत्यांच्या बोटांतून निघायचं.

पुढे मामा रिटायर झाले. त्या वाटेला रुळांखालून रस्ता काढला, फाटक गेलं, क्वार्टर पाडलं. आम्ही परतुरात घर बांधलं, लाइनीपासून हाकेच्या अंतरावर. काही वर्षं सुखात गेली आणि मग मामांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. फाटक तेवढं विसरले नाहीत. दिवस कलला की चपला घालून दाराकडे निघायचे.

"कुठं निघालात, मामा?"

"गाडीचा टाइम झाला. फाटक लावायचंय."

"तुमचं फाटक काढून टाकलं आता. खालून रस्ता झालाय तिथं."

"मंग काय लोकं रुळावर मरू देऊ?"

रोज समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एका संध्याकाळी आमच्या ओळखीचा ट्रॅकमन भिवा त्यांना हाताला धरून घरी घेऊन आला. मामा दोन रुळांच्या मधे उभे होते आणि समोरून गाडी येत होती. भिवा घामाने निथळत होता. "काकू, आज म्या होतो म्हणून बरं. उद्या कोण असंल?" आत्यांनी वाकून त्याचे पाय धरले. तो बिचारा मागे सरकत राहिला.

दुसऱ्या दिवशी रामेश्वर बाहेरच्या दारासाठी कुलूप घेऊन आला. बाहेर जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनीही बजावलं होतं. मला पटलं होतं. घरात कुणाला तरी कठोर व्हावंच लागतं आणि ते खातं बहुतेक माझ्याकडेच असतं. आत्यांनी कुलूप हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"दिवाळीपर्यंत थांब, रामेश्वर. तवर कुणीतरी त्यायच्या संगं जात जा. त्यायला फाटकच पायजे ना? मी घरात देते."

आमच्या पुढच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला भिंतभर फळी आहे, जेमतेम वीतभर रुंद. तिच्यावर माझ्या माहेरची भांडी ओळीत लावलेली होती, पितळी डबे, घागरी, स्टीलच्या कळश्या. एका सकाळी पाहते तर सगळी खाली, जमिनीवर. माझा पारा चढला. हौसेला मोल नसतं हे खरं, पण भांडी माझी होती, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. आत्या म्हणाल्या, "तुझ्या भांड्यायचे लई उपकार, पोरी. जागा दिली त्यायनं." आता यावर माणसाने भांडायचं तरी कसं?

रामेश्वरचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्याने फळी छातीच्या उंचीवर आणली आणि विजेवर पळणारी छोटी गाडी मागवली, रुळांसकट. पुढचं सगळं आत्यांचं.

"वीतभर जागेत शेत, वाट, रूळ आणि क्वार्टर मावणार कसं?" मी विचारलं.

"रुखवताचा पाट तरी केवढा असतो?"

रूळ त्यांनी फळीच्या अगदी कडेला बसवले. मागची घरं पूर्ण केलीच नाहीत. त्यांची पुढची अर्धी बाजू तेवढी केली आणि भिंतीला चिकटवली. पाहणाऱ्याला वाटावं, उरलेलं घर पलीकडे आहे. पुढची बाभूळ पऱ्हाटीच्या जाड काडीची, तिच्या मागची बोटाएवढी, त्याहून मागची भिंतीवर नुसती रंगवलेली. भिंतीवरची शेतंही दूर जातील तशी फिकट करत नेली. खोली पंधरा फुटांची आहे, पण त्या फळीकडे पाहिलं की नजर थेट दूरच्या जांब समर्थ गावापर्यंत जाते असं वाटायचं. काळी माती माझ्या पिठाच्या चाळणीने चाळली, रुळांखालची खडीही तिनेच. वाटेवर कापसाची मेंढरं उभी केली. फाटकाचा दांडा खराट्याच्या काडीचा, त्यावरचे लाल पट्टे माझ्या नेलपॉलिशचे. खरं फाटक हँडल फिरवून चालायचं, म्हणून बाजूला दोऱ्याचं रिकामं रीळ बसवलं. ते फिरवलं की दांडा खाली यायचा. मी रोज कुरकुरत होते आणि रोज संध्याकाळी काय नवीन झालं ते पाहायला आधी मीच येत होते.

दिवाळीच्या तोंडावर काम पुरं झालं. मामा चपला घालून निघाले तसं आत्यांनी त्यांना फळीपुढे आणलं. मामांनी वाकून पाहिलं. रीळ फिरवलं, दांडा खाली आला. "चरखी बराबर हाये," म्हणाले. मग त्यांची नजर क्वार्टरवर गेली आणि तिथेच थांबली.

"हे माझं फाटक न्हाई," ते म्हणाले आणि दाराबाहेर पडले. रामेश्वर त्यांच्या मागे धावला.

आत्या तिथेच खाली बसल्या. कुलूप अजून कपाटावर होतं. त्यांची नजर तिकडेच गेली. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मला राग येतो. मी फळीपुढे उभी राहून घर न्याहाळू लागले. कौलं होती, धुराचे डाग होते. रुळांच्या बाजूला मात्र नुसती कोरी भिंत. दार पूर्वेला होतं.

"आत्या, ज्या दारावरून जन्मभर भांडलात, ते दार कुठंय?"

आत्या खाली सांडलेली खडी बोटांनी गोळा करू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या हातानं घर करताना यमाचं दार कसं ठिवू, पोरी? त्यायचं असं चालू असताना?"

तर ही गोष्ट होती. रेल्वेने जे बदललं नाही, ते त्यांनी मामांच्या जिवासाठी बदलून टाकलं होतं. आणि त्याच बदलापायी मामा पुन्हा रुळांकडे निघाले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी हळू आवाजात बोलले. म्हटलं, "त्या दारानं तुमचं वाईट काय केलं, सांगा बरं."

त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. "काई न्हाई," शेवटी म्हणाल्या. "रामेश्वर तिथंच झाला. पटकीच्या साली आजूबाजूला घरं रिती झाली, आमच्या घरात कुणाला उलटी बी न्हाई झाली. अन् हे. कितीबी पाऊस असू द्या, त्याच दारातून भिजत घरी यायचे." त्या उठल्या, फळीवरच्या कोऱ्या भिंतीला त्यांनी हात जोडले. "लई वंगाळ बोलले तुला. कामून बोलले कुणास ठाऊक."

मग ब्लेड घेऊन त्यांनी दक्षिणेची भिंत कापली. घर मी धरलं. पूर्वेचं दार बुजवलं, नव्या दाराला उंबरा केला.

दुसऱ्या दिवशी मामा निघाले तेव्हा कुणीच त्यांना बोलावलं नाही. ते फळीजवळून जात होते आणि थांबले. बोटाने दाराला हात लावला. मग रीळ फिरवून फाटक लावलं, दांडा नीट बसला का ते पाहिलं. रामेश्वरने गाडी सोडली. माझ्या ब्लाउजपीसच्या हिरव्या तुकड्याचं निशाण आत्यांनी करून ठेवलं होतं. ते मामांनी उचललं आणि शेवटचा डबा जाईपर्यंत हात खाली आणला नाही. मग फाटक उघडलं, वाटेवरच्या कापसाच्या मेंढरांकडे पाहून म्हणाले, "चला, जल्दी निघा."

आणि त्यांनी चपला काढल्या.

त्या दिवसापासून मामा संध्याकाळी घराबाहेर गेलेले नाहीत. कुलूप रामेश्वरने दुकानात विकायला ठेवलं. देवाने, भिवाने, आत्यांच्या बोटांनी, ज्या कुणी हे केलं त्या सगळ्यांची मी ऋणी आहे, आणि हे म्हणायला मला आता लाजही वाटत नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी मामा भिंतीला टेकून बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी स्वतःहून मागितलं, "भाकर वाढ, वच्छला. ड्यूटी झाली." आत्या ताट घेऊन आल्या. मामांनी पहिला घास घेतला आणि त्यांचं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे गेलं.

"ही पाव्हणी कोण आली आपल्या घरी?" त्यांनी आत्यांना विचारलं. "उभी कामून ठिवली? तिला बी वाढ. उपाशी जाऊ देऊ नको."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले, मामांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि मीच थापलेली भाकरी पाहुणीसारखी संकोचत खाल्ली. मामांनी आग्रह केला, तेव्हा दुसरीही घेतली.