गोड तुळशीचं बी

सासूबाईंना शुगर निघाली आणि त्यांचा माझ्या हातचा चहा सुटला. भिंतीपलीकडे थोरल्या जावेकडे गोड तुळशीची कुंडी होती. तिची चार पानं उकळली की बिनसाखरेचा चहाही गोड व्हायचा. रोज दुपारी सासूबाई माझ्या दारावरून तिकडे जायच्या. मला ते बघवायचं नाही, खरंच सांगते.

मीही अंबडच्या नर्सरीतून रोप आणलं, पण एवढ्याशा रोपाची पानं रोजच्या चहाला कुठली पुरायला! जाऊ शेंडे खुडून मातीत खोचायची. तिच्या एका कुंडीच्या पाच झाल्या होत्या. पण तिची नक्कल करायची, आणि मी? आपल्या दारच्या तुळशीच्या मंजिऱ्या वाळल्या की चोळून टाकतो आणि पावसात रोपंच रोपं होतात. नावातच तुळस आहे म्हटल्यावर मी हिलाही फुलू दिलं. पांढरी बारीक फुलं आली, पानांची गोडी मात्र उतरली. वाळलेलं बी चोळून टाकलं, पाणी घातलं, रोज वाकून बघितलं. एक कोंब वर येईल तर शपथ.

"काय मंग, उगवलं न्हाई का अजून?" जाऊ भिंतीवरून विचारायची. नुसत्या त्या आवाजानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग मोबाइलवर एका बाईच्या व्हिडिओत कळलं की ही एकटी असली तर बी पोचट राहतं, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. आणि गावात दुसरं झाड होतं फक्त जावेकडे! तिच्या खुडण्यातून सुटलेली एक फांदी भिंतीवरून माझ्या बाजूला आली होती, फुलांनी भरलेली. जाऊ कुंभार पिंपळगावच्या बाजाराला गेली, ती दुपार मी साधली. तुरा तोडला, माझ्या फुलांवर हलक्या हातानं फिरवला आणि लगेच चुलीत टाकला. या खेपेला बी काळं, भरलेलं निघालं. रोपं उगवली तेव्हा मी अंगणात एकटीच हसत बसले.

रोपं हातभर वाढून दाट झाल्यावर सासूबाईंना दंडाला धरून घरात आणलं, कप पुढे केला. पलीकडे भांडी घासायचा आवाज थांबला होता. सासूबाईंनी घोट घेतला, डोळे मिटले.

"झाक झालाय," त्या म्हणाल्या. "बिलकुल थोरलीच्या हातचा लागून राह्यला."

भिंतीपलीकडे जाऊ खुदकन हसली.