मीच खोडलेली ओळ

महादेवमामा गेल्याचा फोन त्यांच्या मुलानंच, संतोषनं केला. "दादा, बाप गेला सकाळी," तो म्हणाला आणि त्याच दमात, "मृत्यूचा दाखला काढाले काय काय लागते?" मी कागदांची नावं सांगितली. नात्यातल्या सगळ्यांचे कागद मीच बघतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आम्ही दोघंही रडलो नव्हतो...

शेलूबाजारच्या रस्त्यालगत मामांचा दोन एकरांचा भाजीचा मळा आणि त्यातच दोन खोल्यांचं घर. मामी गेल्यावर त्यांनी विचारलं, "भाचेबुवा, हे पोराच्या नावावर कसं करा लागते?" मृत्युपत्राचं नाव काढलं तर त्यांना ते अपशकुनी वाटलं. मग मी हिशेब मांडला: जिवंतपणी मुलाला बक्षीसपत्र करून दिलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये, बाकी फी वेगळी. मामा खूष. "बक्षीस? मी तं समजलो, बक्षीस कुस्ती मारणाऱ्याले भेटते!"

मसुद्यात मी एक ओळ घातली होती: देणाऱ्याला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क राहील आणि मुलानं त्याचा सांभाळ करावा. नोंदणी कार्यालयाबाहेर दस्त लिहिणाऱ्यानं ती मोठ्यानं वाचली, तसा संतोष खाली बघू लागला. मामांचा चेहरा उतरला. "काहून लिवलं बावा हे? पोरगा आहे माहा, भाडेकरू नाही. चार लोकात त्याचं नाक कापतं काय?" आमच्याकडे पोटच्या मुलाला अट घालणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. ही ओळ नसली तर दिलेलं परत मागायला आधार राहत नाही, हे मला माहीत होतं. तरी पेन मीच काढला आणि ओळ खोडली. 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' एवढं राहिलं. ते सगळ्याच बक्षीसपत्रांत असतं.

वर्षभरात मामांची बाज विहिरीवरच्या मोटारपंपाच्या खोलीत गेली. घरात पाहुण्यांना जागा पुरत नव्हती म्हणे. एकदा मी गेलो, तर मला द्यायला त्यांनी चार वांगी तोडली. संतोष बांधावरून ओरडला, "बुढ्या, इचारल्याबिगर हात कायले लावतं? तुह्यं काय हाय इथं?" मामांनी वांगी सरीतच ठेवली. मी संतोषला बोललो, तर तो हसला. "दादा, कागद तं तुमीच केला ना?"

वकिलाकडे चला, असं मी मामांना एकदा म्हणालो. ते म्हणाले, "कोर्टात उभं राहून त्याले बेइमान म्हणू काय? तेवढं म्हणता आलं असतं, तं ते ओळच राहू देली असती."

शेवटची दोन वर्षं ते दिवसभर फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसत. गेल्या आठवड्यात दाखला द्यायला गेलो. दगड तिथंच आहे, त्यावर त्यांनी घडी करून टाकलेलं पोतंही. थोडा वेळ बसलो. ती जागा रस्त्याची, सरकारी. मी लिहून दिलेल्या गट नंबरात ती येत नव्हती, म्हणून तेवढ्या जागेवरून त्यांना कोणी ऊठ म्हणू शकलं नाही.