शिडीच्या पहिल्या पायरीवरून

उझबेकिस्तानातल्या आमच्या मार्गिलानमध्ये माझ्या बाबांना, हमरोकुलना, लोक आवाजावरूनच ओळखतात. चाळीस वर्षं छतं दुरुस्त केली, पण शिडीच्या पहिल्या पायरीवर थांबून हाक दिल्याशिवाय हा माणूस कधी वर चढला नाही. "छतावर येतोय होऽऽ!" की शेजारपाजारच्या अंगणांतल्या बायका निवांत आत जाणार, मगच बाबांचा पाय दुसऱ्या पायरीवर. एवढ्या घरांच्या डोक्यावरून फिरले, पण कुणाच्या घरातलं एका शब्दानंही बाहेर बोलले नाहीत.

गेल्या वर्षी कोपऱ्यावर गाडीनं शाळकरी पोरीला उडवलं आणि तो मेला ड्रायव्हर पसार झाला. तेव्हा कॅमेरा हवाच म्हणून मोहल्ला समितीत सगळ्यांत जास्त भांडले ते बाबाच. खांबसुद्धा त्यांनीच उभा केला.

मग एक दिवस समितीच्या कचेरीत चहाला गेले, तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर आमची शेजारीण ओयसुलुव अंगणात केस धूत बसलेली! बाबांनी चहा तसाच खाली ठेवला.

"सोबिरजोन, या कॅमेऱ्याचं तोंड कोपऱ्याकडे फिरव."

अध्यक्ष सोबिरजोन हसला. "काका, तिनं काही चोरलंय का? मग लपवायचंय काय?"

"तुझ्या घरी तरी काय लपवायचंय? पाड की अंगणाची भिंत!"

"सरकारी वस्तू आहे. हात लावलात तर सरळ पोलिसांत देईन. या वयात हातचं कामही जाईल, सांगून ठेवतो."

आई म्हणाली, "गप्प बसा हो, नसती आफत." खरं सांगते, मीही तेच म्हणाले. आमचं घर त्या शिडीवरच चालतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाबांनी खांबाला शिडी लावली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, थांबले, चढले आणि कॅमेरा फिरवला. मग स्वतःच कचेरीत जाऊन म्हणाले, "फिरवलाय मी. बोलव पोलीस."

सोबिरजोन तणतणत आला. "आत्ता पहिल्यासारखा करतो!" गल्ली गोळा झालेली. त्यानं शिडीवर पाय ठेवला आणि थबकला. भिंतीपलीकडे ओयसुलुवच्या भांड्यांचा आवाज येत होता. त्यानं बाबांकडे पाहिलं.

त्यानं घसा खाकरला. "वर येतोय होऽऽ!"

"थांबा हो जरा!" पलीकडून ओयसुलुव ओरडली. तिचं दार लागेपर्यंत अध्यक्षसाहेब मुकाट उभे! मग तो चढला, कॅमेऱ्याला हात लावला आणि बाबांनी फिरवला होता तिथेच त्याचा स्क्रू घट्ट करून खाली आला.

"कोपरा चांगला दिसतोय, काका," एवढंच म्हणाला.

माझ्या बापाचा एवढा अभिमान मला आयुष्यात वाटला नव्हता. त्या दिवशी शिडी मी उचलून घरी आणली.