नव्वद किलोमीटर, वीस मिनिटं आणि म्हशी

जळगाव ते धुळे हे अंतर विमानाने वीस मिनिटांचं आहे. मी ते स्वतः मोजलंय. एकाच दिवशी जाऊन-येऊन कापलंही आहे, आणि तरीही धुळ्याला मी एसटीनेच पोचलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी जळगावला हायस्कुलात गणित शिकवायचो आणि धुळ्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या मुलीचं लग्न होतं. मी एकुलता एक मामा. मुलीला हाताला धरून मांडवात आणायचा मान माझा! अक्काने आठवडाभर आधीच फोनवर दम भरला होता, "भाऊ, येळवर ये रे बाप्पा! तू नही उना ते पोरले मांडोमा कोन आनी?"

नेमका त्याच दिवशी माझा एक जुना विद्यार्थी, पायलट झालेला, आपल्या शेठना आणायला छोटं विमान घेऊन धुळ्याला निघाला होता. "सर, चला की! जागा रिकामीच आहे." (गणितात पस्तीस मार्कांवर सुटलेला मुलगा. पण मी मोठ्या मनाने ते विसरलो.)

मी नकाशावर दोरा ताणला. दोन धावपट्ट्यांमधलं अंतर नव्वद किलोमीटर. विमानाचा वेग ताशी दोनशे सत्तर. उत्तर वीस मिनिटं!

"मुहूर्त बारा वीसचा, मी साडेअकराला उडणार," मी बायकोला सांगितलं. "तू जा एसटीने, खडखडत."

"अहो, सोबतच चला ना. अक्का वाट बघतील."

"तीन तास? तेवढ्यात मी साडेचार वेळा धुळ्याला जाऊन येईन!"

ती बिचारी सकाळी सहाच्या गाडीने गेली. मी निवांत दाढी केली. दोनदा.

गणित चोख निघालं. अकरा पन्नासला खाली धुळं! मी हुरळलो. "जरा मांडवावरून एक चक्कर मार रे," म्हटलं. खालून माणसं हात हलवत होती. मी कॉलर ताठ केली. मग आम्ही धावपट्टीकडे वळलो.

"सर, पट्टीवर म्हशी आहेत."

"किती?" (सवय!)

"मोजू की वाचवू?"

त्याने विमान खाली नेलं, भर्रकन वर घेतलं. म्हशी ढिम्म! त्यांचा मालक बाभळीखाली बसून आम्हाला टाटा करत होता. आम्ही पुन्हा मांडवावरून वळलो, पुन्हा म्हशींवर आलो. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. बरोबर बारा वीसला पायलट म्हणाला, "सर, इंधन परतीपुरतंच उरलंय."

बारा चाळीसला मी जळगावात. वीस मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही!

अक्काचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. जीव रडकुंडीला आला. मिळेल ती एसटी धरून, उभ्याने धुळ्याला पोचलो, तेव्हा मंडपवाले कनाती सोडत होते. मी अक्काचे पाय धरले. "अक्का, पोरीला आणलं कोणी गं?"

"तुनी बायकोनी!" अक्का कडाडली. "ती येळवर उनी!"

बायकोने माझ्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं, तेच जास्त लागलं.

महिनाभराने अल्बम आला. मंगलाष्टकांच्या प्रत्येक फोटोत नवरा, नवरी, भटजी, अख्खं वऱ्हाड तोंड वासून आभाळाकडे बघतंय. समोर बघतेय ती एकटी माझी बायको.

भाची अजून चिडवते, "मामा, माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत तुम्ही आहात. दिसत नाही, एवढंच!"