पात्यांची खांदशेकणी

माघातल्या दुपारी जरा डोळा लागला, की अजूनही मला ती लोंबणारी पाती दिसतात. ट्रॅक्टरच्या मागच्या मशीनचं झाकण वर केलेलं, आत लांब आडवा रूळ, रुळाला ओळीनं लटकलेली पाती. मी एकेकाला बोटानं ढकलते. पातं पाळण्यासारखं झुलतं, थांबतं. मग पुढचं. स्वप्नात ही ओळ संपत नाही, आणि मला कंटाळाही येत नाही.

मशीन होतं पऱ्हाटी कुटायचं. कापूस वेचून झाला की वावरात वाळकी झाडं उभी राहतात, तीच पऱ्हाटी. आधी लोक ती उपटायचे, चुलीपुरती घरी न्यायचे आणि उरलेली पेटवून द्यायचे. आमचं मशीन तिचा उभ्या उभ्या भुगा करून तिथंच वावरात पसरायचं. दर्यापूरकडच्या आमच्या काळ्या जमिनीला तो भुगा मानवायचा. कुटताना धूळ अशी उठायची, की ऊनसुद्धा पिवळट, झोपाळलेलं वाटायचं. त्या धुळीत मी एकटी ट्रॅक्टरवर बसलेली असायचे, आणि तेवढा वेळ मला कोणाची आठवण यायची नाही.

सासर सोडून मी माहेरी आले, त्याच उन्हाळ्यात बाबांनी बैलजोडी विकली. पेपरात रोज आमच्याच जिल्ह्यांची नावं यायची, ती वर्षं. वैरण नव्हती, पाणी नव्हतं. विकायचं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. माय आधीच गेलेली, घरात आम्ही दोघंच. मी अंगावरचे दागिने मोडले, एक जुना ट्रॅक्टर आणि हे मशीन आणलं, आणि दुसरीकडे जागा नव्हती म्हणून बैलांच्या कोठ्यात नेऊन लावलं. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलेनासे झाले.

भांडण नाही, तंटा नाही. बोलायचे, पण दारातल्या म्हशीशी. तिच्यापुढं उभं राहून म्हणायचे, की पाणी तापलं का ते इचार तिले. म्हैस बिचारी रवंथ करत माझ्याकडं बघायची. मीही काही कमी नव्हते, उत्तर म्हशीलाच द्यायचे. शेजारीण हसून हसून लोटपोट व्हायची. मला मात्र ताट ओसरीवर ठेवून, आतमध्ये एकटीनं जेवताना घास उतरायचा नाही. ज्या घरात जन्मले तिथं मी पाहुणीही नव्हते आणि घरचीही नव्हते. बाबांनी एकदा माझ्याकडं बघून, मलाच उद्देशून काही बोलावं, शिवी दिली तरी चालेल, एवढंच मला हवं होतं.

पहिली पाती मी अकोल्याहून आणली. इंग्रजी वायच्या आकाराची, पातळ, धारदार, आरशासारखी चमकणारी. दुकानात बघूनच जीव भुलला. दोन वावरं झाली नाहीत तोच काहींची टोकं वाकली, काहींचे टवके उडाले. ती पाती गवत कापायची होती, हे मला कोण सांगणार? पऱ्हाटी अंगठ्याएवढी जाड, हाडासारखी कडक. मग कोणीतरी बाळापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव सुचवलं. सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही म्हटलं. त्यांनी माझं वाकलेलं पातं पाहिलं आणि जड, बोथट तोंडाचं, हातोडीसारखं एक पातं माझ्या हातात ठेवलं.

"बेटी, घास नहीं है ये, लकडी है," ते म्हणाले.

पुढचं त्यांनी अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत समजावलं. याला वस्तऱ्याची धार नको, वजन पाहिजे. आणि रुळाशी जोडणाऱ्या खिळीवर ते मोकळं झुललं पाहिजे, म्हणजे दगड लागला तर मागं वळतं, मोडत नाही. एक पातं बदललं तर समोरचंही बदलायचं, दोन्ही तराजूत घालून. नाहीतर रूळ एका अंगाला ओढतो आणि अख्खं मशीन हादरतं. जोडी तोडायची नाही, एवढं ध्यानात ठेव, म्हणाले.

घरी येऊन हे सगळं मी म्हशीला मोठ्यानं सांगितलं. बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. जोडी सारख्या वजनाची लागते म्हणते चाचा, बरं का, असं मी म्हटलं तेव्हा अडकित्ता थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला उठले, तर बाबा कोठ्यात उभे. एक पातं बोटानं ढकलत होते. मी खराटा घेतला आणि मुकाट अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची, पळसाच्या गरम पानानं शेकायचं, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. त्या संध्याकाळी बाबांनी म्हशीकडं लोणी मागितलं. मी वाटी भरून उंबऱ्यावर ठेवली. बैल तर नव्हते. हे काय करून राहिले म्हणून दाराआडून पाहिलं, तर मशीनचं झाकण वर, आणि बाबा एकेका पात्याला लोणी-हळद चोळताहेत. पात्याला, खिळीला, भोकात बोट घालघालून. पळसाचं पान निखाऱ्यावर धरायचे, लोखंडाला लावायचे. ओठ हलत होते. मला रडू आलं. खिळीला असलं काही लावायचं नसतं हे मला कळत होतं, पण जाऊन अडवायची माझी छाती झाली नाही. ती हळद मी नंतरही पुसली नाही. हिवाळाभर येता-जाता तिच्याकडं पाहायचे आणि मला बरं वाटायचं.

माघात पहिल्याच वावरात मशीन असं हादरायला लागलं की माझे दात वाजले. बंद केलं, झाकण उघडलं. बोटानं ढकलून पाहते तर निम्मी पाती जागची हलेनात. आंबट लोण्यानं गंज धरला होता, वर धूळ बसून खिळ्यांत काळं-पिवळं किटण झालं होतं. एक पातं दगडाला लागून मुळातून मोडलेलं. त्या किटणाला अजून हळदीचा वास येत होता.

मशीन घरी आणलं. खिळ्या काढल्या, पाती डिझेलच्या घमेल्यात बुडवली आणि अंगणात बसून घासत राहिले. राग आला होता, नाही कसं म्हणू? पण धास्ती मोठी होती. हे बाबांना कळलं तर ते पुन्हा ओसरीवर जाऊन बसतील, आणि मग म्हशीशीही बोलायचे नाहीत. एवढ्यात ते मागं येऊन उभे राहिले. एक खिळी उचलली, नाकाशी नेली. मीही मान वर केली नाही.

"बैलाचा खांदा लोणी पेते," ते म्हणाले. "याचा नाई पेत."

मग माझ्यासमोर बसले. पऱ्हाटीची एक काडी घेतली, तिचं टोक दातानं चेचलं आणि पात्यातलं खिळीचं भोक कोरायला लागले. दुपार सगळी तशीच गेली. अंगणात नुसता लोखंडावर काडी घासल्याचा आवाज आणि कडुनिंबावरचे होले. मोडलेल्या पात्याच्या समोरचं पातं त्यांनीच वेगळं काढलं आणि घरातून तराजू आणून नवी जोडी तोलली. मला काही विचारलं नाही. ते पहिलं वाक्य मला बोलले होते की मशीनला, हे मी रात्री बराच वेळ ठरवत होते.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वाटी मागायला ते म्हशीकडं गेले नाहीत. चुलीपाशी आले. मी लोणी दिलं, आणि हिंमत करून म्हटलं, बाबा, तुमी खिळीले लावू नका बरं. पाना मारून मारून माझा उजवा खांदा त्या वर्षी धरला होता. भाकरी थापतानाही मी कण्हायचे. बाबांनी वाटीत हळद कालवली, पण कोठ्याकडं वळले नाहीत. पळसाचं पान निखाऱ्यावर धरलं.

"मशीनले नाई," ते माझ्याकडं बघत म्हणाले. "तुह्या खांद्याले."

त्यांनी लोणी चोळलं, वर गरम पान ठेवलं आणि तळहातानं दाबून धरलं. माणसाला कोणी बैल म्हटलं तर माणूस चवताळतो. मी चुलीकडं तोंड करून हुंदके देत होते.

"आज आवतन घे, माय," ते म्हणाले. "उद्या जेवाले ये."

पोळ्याला पुरणपोळीचं पहिलं ताट बैलांपुढं जातं. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते ओसरीवर आणून माझ्यापुढं ठेवलं आणि मी घास घेईस्तोवर स्वतःच्या ताटाला हात लावला नाही.