घड्याळ न्हाई, सोनं घेतलंय

परभणी जिल्ह्यात सोन्याच्या जुन्या क्रोनोग्राफ घड्याळांचे शौकीन दोनच. एक मी आणि दुसरा झरीचा माझा मास्तर मित्र. आता मी एकटाच उरलोय. शौक निम्मा झाला म्हणावं, तर तसंही नाही. ज्याच्याशी बोलायचं तोच गेल्यावर शौक कसला?

क्रोनोग्राफ म्हणजे चावीचं मनगटी घड्याळच, पण बाजूला दोन बटणं जास्तीची. वरचं दाबलं की लांब काटा पळत सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की मुकाट बारावर परत. मित्राच्या घड्याळाची तबकडी पिकल्या पेरूच्या गरासारखी गुलाबी. असं घड्याळ जगात तीनच, असं मी छातीठोक सांगायचो; खरी किती ते कुणाच्या बापाला ठाऊक! हैदराबादच्या कुण्या नवाबानं ते शर्यतीच्या घोड्यांसाठी घेतलं होतं, ही थापही माझीच. मित्रानं ती इतक्यांदा ऐकली की पुढं तो मलाच घोड्याच्या नावासकट सांगायला लागला. आम्ही त्या नवाबी काट्यानं मोजलं काय? चहाची उकळी, पुढाऱ्याचं भाषण आणि फाट्यावर एसटीची वाट. एसटीनं तर काट्याला घाम फोडला.

अडचण घरच्यांची होती. घड्याळ घेतलं म्हटलं की रणकंदन. म्हणून आम्ही युक्ती काढली. दारातूनच ओरडायचं, "घड्याळ न्हाई, सोनं घेतलंय!" सोन्याला कोण नाही म्हणतं? मित्राच्या घरी साक्षीला मीच. "वहिनी, आतलं यंत्र एका पैशाचं न्हाई. जे हाय ते वरचं सोनं. बावनकशी!"

यंदा मित्र गेला. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत संपला. दीड महिना माझं पाऊल झरीकडं वळलं नाही. मग गेलो, ते सरळ सांगायचं तर त्या घड्याळासाठी. लोभ म्हणा हवं तर. पण रोज सकाळी त्याला चावी दिली असती, तर तो गेल्याचं मला जरा कमी पटलं असतं.

वहिनी मला देवघरापाशी घेऊन गेल्या. "बघा भावजी, तुमचे दोस्त."

घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करायचा, पत्र्यावर मूर्ती उठवून देवांत बसवायची, ही त्यांच्या घरची रीत. सोन्याच्या इवल्या पत्र्यावर घोडेस्वार होता, हातात तलवार. माझा मित्र बैलगाडीतसुद्धा डोळे मिटून बसायचा.

"सोनं कुठलं, वहिनी?"

"कुठलं म्हंजी? त्यांच्या मनगटावरलंच. लय जीव होता त्यांचा त्याच्यावर. मग म्हनलं, त्यातच बसवावं त्यांन्ला."

त्यांनी एक स्टीलची डबी पुढं केली. "आतलं लोखंड सोनारानं परत दिलं. तुमीच म्हनायचे ना, एका पैशाचं न्हाई म्हणून? लागत असंल तर न्या."

डबीत चाकं होती, वाकलेली गुलाबी तबकडी होती, लांब काटा मधोमध मोडला होता. मी बोटानं एकेक चाक सरकवून पाहिलं.

"एक इचारू का?" वहिनींचा आवाज खाली आला. "सोनार म्हनला, अठराच कॅरेटचं हाय, बावनकशी न्हाई. तवापासून मनात खुपायलंय. इतक्या वर्सांत त्ये माझ्याशी कधी खोटं बोलले न्हाईत. बोलले का वो?"

एक बारीक चाक माझ्या बोटाला चिकटलं होतं.

"सोनारच लबाड," मी म्हणालो. "मी सोता पारखून दिलं होतं, वहिनी. बावनकशीच."

त्यांनी पदरानं टाकावरची हळद उगीच पुसली. मग हसल्यासारखं करून म्हणाल्या, "पाया पडा की मग. का दोस्तापुढं वाकायला लाजायलात?"

मी वाकलो. लवकर उठता आलं नाही.