आरमार की शेती

सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा मी स्वतःसाठी फायदा करून घेतला, हे आधीच सांगून टाकतो. मन हलकं झाल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

ऑपरेशन भोरला, आमच्या घराजवळ झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर वाकायचं नाही, चिखलपाण्यात पाय घालायचा नाही. आणि नेमका आषाढ. मामांची (सासऱ्यांना मी मामा म्हणतो, बायको दादा) भातखाचरं त्यांच्या गावी, गुंजवण्याला, जी धरणात बुडण्यातून वाचली ती. आवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आलेली. बायको मला म्हणाली, "अहो, हा डोळा बिघडला तर दुसऱ्या डोळ्याला दादा कुणाला हात लावू देणार नाहीत. काहीही करा, पण त्यांना एसटीत बसू देऊ नका."

'काहीही करा' हे मी जरा जास्तच मनावर घेतलं.

त्याचं कारण म्हणजे मी कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतो. जुन्या काळातलं लहानसं राज्य घ्यायचं आणि ते सांभाळत वाढवायचं. पन्नाशीला आलेल्या माणसाने हे करावं का, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो आणि मग खेळायला बसतो. मूळ खेळाला वाढीव भाग असतात, एक्स्पान्शन म्हणतात त्यांना, आणि ते वेगळे विकत घ्यावे लागतात. घरातून मला एकाच भागाची परवानगी होती. त्यामुळे गेलं वर्षभर मी आरमाराचा घ्यावा, राजघराण्यांतल्या सोयरिकींचा घ्यावा की शेतीचा, याची तुलना करत होतो. लग्नाला मुलगी बघतानाही मी एवढा विचार केला नव्हता. मनातून मला आरमार हवं होतं. भोरमध्ये राहून समुद्राची एवढी ओढ का, ते मला विचारू नका.

"मामांचा वेळ जाईल, त्यांच्यासाठी घेतो," असं मी बायकोला सांगितलं. डॉक्टरांना मी पथ्याच्या आधी स्क्रीनबद्दल विचारलं होतं, ते सांगितलं नाही.

काळा चष्मा लावून मामा शेजारी बसले. मी रुबाबात फौज बाहेर काढली.

"ह्यो महिना कंचा?" मामांनी विचारलं.

"जुलै."

"आन् फौज निघाली? आवणी टाकून कोन लढाईला जातंय? दसरा तरी होऊ द्या की, पाव्हणं."

मूळ खेळात ऋतू नसतात, असं मी समजावलं. "मग ही मानसं खात्यात काय?" मामा म्हणाले. मी घाईघाईने तिन्ही भागांचे व्हिडिओ दाखवायला घेतले. आरमार त्यांनी गलबतं मोजण्याआधीच बाद केलं: "आधी हाय ती खाचरं बघा." सोयरिकींचा भाग मात्र नीट पाहिला.

"चौकशी न करता पोरगी दिली? एका बटनात?"

"खेळात तसंच असतं, मामा."

माझ्याकडे काळ्या चष्म्यातून बघत ते म्हणाले, "आमी तरी काय येगळं केलं म्हना."

शेवटी मी शेतीचा भाग घेतला. आपण केवढा त्याग केला, या विचाराने मला संध्याकाळभर बरं वाटत होतं. मामा रंगून गेले. मी नदीवर धरण बांधायला घेतलं, तेव्हा पडद्यावर सूचना आली की दोन गावं हलवावी लागतील.

"कुठं हलवनार?" मामांनी विचारलं.

मी सगळी बटणं शोधली. तशी सोयच नव्हती. मी धरण रद्द केलं आणि बराच वेळ नुसतीच विहीर खणत बसलो.

दुसऱ्या दिवशी खेळात घंटा वाजली. लावणीचा हंगाम सुरू. हिरव्या चौकोनांत माणसं वाकली. मामा उठले, आत जाऊन धोतर बदललं आणि पिशवी घेऊन बाहेर आले.

"तुमच्या राज्यात आवणी लागली, मग आमच्यात न्हाई व्हय? उद्या इर्जिक हाय. आपल्या घरचं मानूस दुसऱ्याच्या खाचरात गेलं न्हाई, तर आपल्यात कोन येनार?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठला भाग घेतलात तुम्ही?"

"शेतीचा."

"अहो, आरमाराचा घ्यायचा ना! तोच हवा होता ना तुम्हाला?"

म्हणजे तिला वर्षभर ठाऊक होतं. त्या क्षणी मला इतकं अपराधी वाटलं की तोंडातून निघून गेलं, "मामा, इर्जिकीला मी जातो. तुम्ही फक्त बांधावर बसायचं."

"तुमी?" एवढंच म्हणून मामा हसायला लागले. पण पिशवी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी गुडघाभर चिखलात होतो. हातातली रोपं तिरकी लागत होती, शेजारच्या बाया हसत होत्या. "वैनी, तुमच्या जावयाच्या वळी पुन्यापतोर चालल्यात," न्याहारी घेऊन आलेल्या सासूबाईंना एकीने ओरडून सांगितलं. मामा बांधावर छत्रीखाली, काळा चष्मा लावून बसले होते. ते एकदाही खाली उतरले नाहीत. त्यांना उतरायची गरजच नव्हती. ते एक बोट आधी माझ्याकडे करत, मग खाचराच्या ज्या कोपऱ्यात मी जायचं तिकडे. खेळात माउसने टिचकी मारावी तसं.

मीही काही न विचारता जात होतो, ऐन जुलैत मी बाहेर काढलेली ती फौज जायची तसा. घरी गेल्यावर पहिल्यांदा त्या फौजेला दसऱ्यापर्यंत सुट्टी द्यायची, असं मी वाकल्या वाकल्या ठरवलं.